शेकानं कातडी काळी पडली, म्हणून उपचार सोडू नका

(आरोग्याच्या कार्यक्रमात रेडिओवर झालेलं हे भाषण. बऱ्याच गटांनी ‘हे छापून द्या, पुन्हा वाचता येईल’ असं कळवलं, म्हणून शेवटी विचारलेल्या प्रश्नांसह इथे देत आहोत.)



गटाच्या बैठकीत रेडिओ लावून बसला असाल, तर जरा जवळ सरकून बसा. आजचा विषय चारचौघांत बोलायला अवघड आहे. दुखणं अवघड आणि दुखण्याची जागाही अवघड. पण न बोलल्यामुळे जे नुकसान होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून आज बोलणार आहे.

मी बरीच वर्षं एका कॅन्सरच्या दवाखान्यात, शेकाच्या विभागात सिस्टर होते. तिथे आमच्याकडे एक ताई यायची. चाळिशीची, शेतात राबणारी, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालेली. रोज शेक आणि आठवड्यातून एकदा केमोची सलाईन, असा तिचा उपचार चालू होता. अठरा शेक झाले. एका शुक्रवारी ती गावी गेली आणि सोमवारी आलीच नाही. मंगळवारीही नाही. बारा दिवसांनी तिची जाऊ तिला घेऊन आली. जांघेतली कातडी सोलवटून ओली झाली होती, त्यावर कुणीतरी हळद आणि लोणी थापलं होतं, आणि ते चिकटून बसलं होतं. मी विचारलं, “ताई, आधी का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “सिस्टर, तिथं सगळे पुरुष. तुम्ही विचारलं, काही त्रास आहे का, मी म्हणाले नाही. दुसरं काय म्हणणार होते?”

तिचं खरं होतं. मी दारात उभी राहून, चार माणसांच्या देखत विचारलं होतं.

आज मला एवढंच सांगायचं आहे: शेक आणि केमो एकत्र चालू असताना कातडीला त्रास होणं हे उपचार बिघडल्याचं लक्षण नाही. तो त्रास बरा होतो. त्यावर औषध आहे. पण तो लपवला आणि उपचार मध्येच सोडला, तर जे गमावतो ते परत मिळवणं कठीण असतं.

शेक म्हणजे शेगडी नव्हे

आपल्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात. कुणी लाईट म्हणतं, कुणी करंट. शब्द सोपा आहे, पण घोळ करतो. शेक म्हटलं की आपल्याला बाळंतिणीची शेगडी आठवते, नाहीतर फडक्यात गुंडाळलेली गरम वीट. मग कातडी काळी पडली की वाटतं, यंत्रानं भाजलं. भाजलं म्हणून घरात जे भाजल्यावर लावतात ते सगळं लावलं जातं. लोणी, टूथपेस्ट, शाई, बर्फ.

पण त्या यंत्राखाली झोपल्यावर काहीच गरम लागत नाही. एक्स-रे काढताना लागतं का? तसंच हे. किरण दिसत नाहीत, दुखत नाहीत. चार-दहा मिनिटांत काम होतं आणि आपण उठून बाहेर येतो. हे किरण पेशींच्या आत, त्यांच्या वाढीच्या मुळाशी मार देतात. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना मार जास्त बसतो. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या मरतात. पण आपल्या कातडीच्या खालच्या थरातल्या पेशीही रोज नव्या तयार होत असतात. त्यांनाही थोडा मार बसतो.

हे समजायला आपली मातीची जमीन डोळ्यांसमोर आणा. पायांनी जमीन रोज झिजते आणि आपण दर आठ-पंधरा दिवसांनी सारवतो, म्हणून ती गुळगुळीत राहते. कातडीचंही असंच आहे. वरचा थर रोज झिजून जातो आणि खालून नवा येतो. खालच्या पेशीला वरपर्यंत यायला साधारण चार आठवडे लागतात. शेकामुळे खालचं काम मंदावतं. वरचं झिजणं मात्र थांबत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात काहीच दिसत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून कातडी कोरडी, काळी, नाजूक व्हायला लागते. सारवणारी आजारी पडली की जमीन पहिल्याच दिवशी उखडत नाही, हळूहळू उखडते. तसंच.

केमो सोबत का देतात?

आता बाया विचारतात, “शेक पुरे होत नाहीत का? वरून सलाईन कशाला? दुप्पट त्रास.”

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये शेकासोबत बहुतेक वेळा सिस्प्लॅटिन नावाचं औषध देतात. आठवड्यातून एकदा, असं साधारण पाच वेळा. किरणांचा मार बसला की पेशी ती मोडतोड दुरुस्त करायला बघते. सिस्प्लॅटिन त्या दुरुस्तीत अडथळा आणतं. त्यामुळे तेवढ्याच शेकात कॅन्सरच्या पेशी जास्त मरतात.

हे नुसतं सांगोवांगी नाही. १९९९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं पाच अभ्यासांचे निष्कर्ष पाहून डॉक्टरांना कळवलं की या आजारात शेकासोबत हे औषध देण्याचा विचार जोरानं करावा. आपल्याकडे आजार बराच पसरल्यावर बाया दवाखान्यात येतात, त्यांना याचा उपयोग होतो का, हे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं तपासलं. २००३ ते २०११ या काळात आजार तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलेल्या ८५० बायांना त्यात घेतलं. निम्म्यांना नुसते शेक, निम्म्यांना शेक आणि सिस्प्लॅटिन. पाच वर्षांनी पाहिलं तर नुसते शेक घेतलेल्या शंभरातल्या ४६ जणी हयात होत्या आणि दोन्ही घेतलेल्या शंभरातल्या ५४. म्हणजे शंभरामागे आठ जणी जास्त. आठ घरांत आई राहिली. ती सलाईन यासाठी असते.

पण जे औषध कॅन्सरच्या पेशीची दुरुस्ती अडवतं, ते कातडीच्या पेशीलाही थोडं अडवतं. म्हणून दोन्ही एकत्र चालू असताना कातडीचा त्रास थोडा लवकर सुरू होऊ शकतो, जरा जास्त होतो आणि बरा व्हायला जरा जास्त दिवस घेतो. शिवाय केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. जंतूंशी लढणाऱ्या त्याच. त्यामुळे साधी सोलवटलेली जागासुद्धा चिघळण्याची भीती असते. केमो चालू असलेल्या बाईच्या कातडीकडे जास्त लक्ष द्यायचं ते यासाठी.

घडीतच का होतं?

पोटाच्या खालच्या भागाला शेक चालू असतो, पण पोटावरची कातडी बरी राहते आणि जांघेत, ढुंगणाच्या घडीत, लघवीच्या जागेच्या आजूबाजूला ती सोलवटते. असं का?

आजच्या यंत्रांच्या किरणांचा पूर्ण जोर कातडीच्या वरच्या पापुद्र्यावर पडत नाही, थोडा आत गेल्यावर पडतो. म्हणून सपाट जागेवरची कातडी बऱ्यापैकी वाचते. पण घडीमध्ये कातडीवर कातडी असते. वरची घडी पांघरुणासारखी होते आणि तिच्या आतल्या कातडीवर पूर्ण जोर येतो. त्यात घाम, ओल आणि चालताना होणारं घासणं. या शेकात जुलाबही होतात, त्यानं मागची जागा आणखी हुळहुळी होते.

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये शेक गळ्याला आणि गालाला असतात, सहा-सात आठवडे चालतात. आपल्याकडे मिश्री, तंबाखू, गुटख्यामुळे हे रुग्ण बरेच, आणि त्यात बायाही असतात. तिथे पुढून-मागून गळ्याभोवतीची कातडी काळवंडते. सोबत तोंड आतून सोलतं.

लाल नाही, काळी

पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘कातडी लाल होते.’ गोऱ्या कातडीवर लाली लगेच दिसते. आपली कातडी सावळी, त्यावर लाल दिसतच नाही. आपल्याकडे ती काळी पडते. बाई म्हणते, “काय नाही, जरा काळं पडलंय,” आणि डॉक्टरही घाईत असला तर पुढे जातो. म्हणून रंगावर भरवसा ठेवू नका. हाताच्या मागच्या बाजूनं जागा चाचपून बघा. आजूबाजूपेक्षा गरम लागते का? ताणल्यासारखी, खाजणारी, हुळहुळी आहे का? असेल तर त्रास सुरू झाला आहे.

पुढचा क्रम साधारण असा असतो.

पहिल्यांदा कातडी कोरडी, काळी होते, खाज येते. मग कोंड्यासारखे पापुद्रे निघतात. इथपर्यंत बहुतेक सगळ्यांचं होतं. काहींची कातडी घडीमध्ये सोलवटते, गुलाबी ओली होते, पाणी पाझरतं आणि चांगलीच आग होते. याहून पुढे, म्हणजे खोल जखम होणं किंवा रक्त येणं, क्वचित घडतं. पण ते घडलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. शेवटचा शेक झाला म्हणजे त्रास संपला असं नसतं. कातडी सर्वांत खराब दिसते ती शेक संपतानाच्या दिवसांत आणि त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत. नेमकी तेव्हा बाई घरी आलेली असते. घरचे घाबरतात, “सगळं संपल्यावर हे काय झालं?” काही वेगळं झालेलं नसतं. आधी बसलेला मार आता वर दिसतो आहे. मग साधारण तीन-चार आठवड्यांत नवी कातडी येते. घडीतली जागा असेल तर कधी थोडे जास्त दिवस लागतात.

घरी काय करायचं

तुमच्या दवाखान्यानं जे सांगितलं असेल ते पहिलं. त्यांनी काही सांगितलं नसेल तर विचारा. सर्वसाधारणपणे असं करायचं:

अंघोळ करायची. कोमट पाण्यानं, हलक्या हातानं. सौम्य साबण हाताला फेस करून लावला तर चालतो. घासणी, दगड, उटणं नको. जागा चोळून पुसू नका. जुन्या मऊ सुती लुगड्याच्या फडक्यानं टिपून कोरडी करा. कातडीवर शाईच्या खुणा केलेल्या असतील तर त्या पुसू देऊ नका. त्या खुणांवरूनच यंत्र नेमकं लावतात. पुसट झाल्या तर घरी पेनानं ओढू नका, शेकाच्या लोकांना सांगा.

कपडे सैल आणि सुती. पोटाच्या शेकात परकराची नाडी नेमकी शेकाच्या जागेवर करकचते. तेवढे दिवस नाडी सैल बांधा, नाहीतर सरळ गाऊन घाला. नऊवारी नेसणाऱ्या मावश्यांनी या दिवसांत काष्टा घालू नये, जांघेत घासतो. गोल नेसा. आतले कपडे घट्ट इलॅस्टिकचे नकोत. रात्री घरात आतला कपडा न घालता झोपलं तर जागेला हवा लागते. यात लाजण्यासारखं काही नाही.

लघवीला आग होत असेल तर लघवी करतानाच कोमट पाण्याची धार सोडा, आग कमी होते. शौचानंतर कागद किंवा कोरडं फडकं घासू नका, पाण्यानं धुऊन टिपून घ्या. जुलाब जास्त होत असतील तर ते सांगा. जुलाब थांबल्याशिवाय ती जागा बरी होणार नाही.

गळ्याचे शेक असतील तर मंगळसूत्र, माळा, बोरमाळ तेवढे दिवस काढून ठेवा. चुलीच्या धगीसमोर वाकून बसणं टाळा. उन्हात जाताना पदर सैल घ्या, आवळून नको. विक्स, बाम, पावडर, अत्तर, केस काढायचं क्रीम, वस्तरा, यातलं काही त्या जागेला लावायचं नाही. गरम पाण्याची पिशवी नको, बर्फही नको.

खाज आली तर खाजवू नका. दवाखान्यातून साधं मलम मिळतं, कधी खाज आणि सूज कमी करणारं मलम देतात. ते पातळ लावा. शेकाला जायच्या आधी जाड थर लावू नका. मलमाचा जाड थर घडीसारखंच काम करतो आणि किरणांचा जोर कातडीवर आणतो.

कातडी ओली झाली, पाझरायला लागली, की घरचा उपाय तिथेच थांबला. दवाखान्यात सांगा. ते जागा सलाईनच्या पाण्यानं धुतात, न चिकटणारी पट्टी लावतात, लागेल तसं मलम आणि दुखण्याचं औषध देतात. दुखणं सोसण्यात मोठेपणा नाही. दुखत राहिलं की बाई नीट झोपत नाही, जेवत नाही, आणि मग उपचार सोडायचा विचार येतो.

जेवणाचंही सांगते. नवी कातडी तयार व्हायला डाळ, उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे, चालत असेल त्यांना मासळी-मटण लागतं. या दिवसांत उपास करू नका. चतुर्थी, एकादशी पुढच्या वर्षीही येणार आहे. ‘आंबट खाल्लं की जखम चिघळते’ म्हणतात. तोंड सोललेलं असेल तर आंबट-तिखट झोंबतं, तेव्हा खाऊ नका. पण जांघेतली कातडी आंबट खाल्ल्यानं चिघळत नाही. सिस्प्लॅटिन चालू असताना मूत्रपिंडाला जपावं लागतं. डॉक्टर सांगतील तेवढं पाणी प्या. मिश्री आणि तंबाखू बंद. ती चालू राहिली तर तोंड आणि कातडी दोन्ही भरून यायला वेळ लागतो.

कधी थांबायचं नाही

केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला किंवा थंडी वाजून आली, तर सकाळची वाट बघू नका. रात्री असेल तरी निघा. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा जंतूही अंगभर पसरतो. तसंच सोललेल्या जागेतून पू आला, वास आला, रक्त आलं, दुखणं एकदम वाढलं, लघवी अडली, किंवा उलट्यांनी पाणीही ठरेना, तर त्याच दिवशी दवाखाना. जाताना केमोची फाईल बरोबर घ्या आणि दारातच सांगा, “केमो चालू आहे.” हे तीन शब्द मोठे उपयोगाचे आहेत.

मध्येच सोडलं तर काय होतं

आता मुद्द्याचं बोलते. शेक रोज का देतात, सोमवार ते शुक्रवार? कारण दोन शेकांच्या मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात आणि कॅन्सरच्या पेशी तेवढ्या सावरत नाहीत. पण मध्ये मोठा खंड पडला तर कॅन्सरच्या उरलेल्या पेशीही सावरतात आणि पुन्हा वाढायला लागतात. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये बाहेरचे पंचवीसेक शेक आणि नंतरचे आतले शेक धरून सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत पुरा व्हावा असा प्रयत्न असतो. त्यापुढे उशीर होत गेला की आजार आटोक्यात येण्याची शक्यता दिवसागणिक घटत जाते.

म्हणून खंड घ्यायचा की नाही, हे डॉक्टरनं ठरवायचं. कधी कधी कातडी फारच सोलली, किंवा रक्त कमी झालं, तर तेच एखादी केमो पुढे ढकलतात किंवा दोन दिवस शेक थांबवतात, आणि राहिलेला शेक कसा भरून काढायचा याचा हिशेब करतात. आपण घरी बसून घेतलेल्या खंडाचा हिशेब कुणी करत नाही.

त्या ताईची जागा आम्ही रोज धुतली, पट्टी केली. आठवड्याभरात कातडी भरायला लागली. उरलेले शेक पुरे झाले, आतलेही झाले. ती घरी गेली, शेतात जायला लागली. दोन वर्षांनी आजार परत आला. त्या बारा दिवसांमुळेच आला, असं कुणालाही सांगता येणार नाही, मीही सांगत नाही. वेळेत सगळं करूनही काहींचा परत येतो. पण ते बारा दिवस मला आठवतात. कारण एक पट्टी, एक मलम आणि पडद्याआड विचारलेला एक प्रश्न, एवढ्यानं ते वाचले असते.

त्यानंतर मी दारात उभं राहून विचारणं बंद केलं. पडदा ओढून, नाव घेऊन विचारायचे, “जांघेत आग होते का? लघवीच्या जागेला पाणी सुटतं का? मला बघू दे.” नेमकं विचारलं की बाया नेमकं सांगतात.

गटानं काय करायचं

तुमच्या गटातल्या कुणाला हा उपचार चालू झाला, तर तिला नुसता धीर देऊन थांबू नका. कामं वाटून घ्या. एकीनं गुरांचं, एकीनं पोरांच्या डब्याचं बघा. गटातून कर्ज काढायचं असेल तर ते राहण्यासाठी आणि जाण्यायेण्यासाठी आधी द्या. उपचार नुसता पैशापायी नाही, रोजच्या हेलपाट्यांपायीही सुटतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत शेक आणि केमो दोन्ही बसतात. दवाखान्यात आरोग्यमित्र असतो, त्याच्याकडे रेशनकार्ड घेऊन जा. रेल्वेच्या भाड्यात कर्करोगाच्या रुग्णांना सवलत आहे, दवाखान्यातून दाखला मिळतो. मुंबईला जावं लागलं तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसं राहतात. दुसऱ्या शहरांतही अशा सोयी असतात. दवाखान्यात समाजसेवा विभाग कुठे आहे ते विचारा.

आणि एक जण तिच्यासोबत जा. तिला बोलवत नसेल तर तुम्ही सांगा, “सिस्टर, हिला खाली त्रास होतोय, जरा पडद्याआड बघा.” बाई डॉक्टर किंवा सिस्टर हवी, असं मागायला संकोच करू नका.

तुम्ही विचारलेले प्रश्न

शेक घेणाऱ्या बाईजवळ लहान मूल झोपलं तर त्याला किरण लागतात का?

नाही. बाहेरच्या यंत्राचे शेक यंत्र बंद झालं की संपतात. अंगात काही उरत नाही. तिच्या हातचं जेवा, तिच्या ताटात जेवा, नातवंडं मांडीवर द्या. आतला शेक देतात तेव्हाही किरणांचं साधन काढून घेऊनच घरी सोडतात. कॅन्सरही शिवल्यानं होत नाही. बाईची वेगळी भांडी काढणारी घरं मी पाहिली आहेत. तिला कातडीच्या आगीपेक्षा ते जास्त लागतं.

कोरफड, हळद, खोबरेल तेल चालतं का?

कोरफडीवर बरेच अभ्यास झाले. शेकाचा त्रास तिच्यानं टळतो असं काही दिसलं नाही. झाडाची ताजी कोरफड, घरची हळद यांत माती आणि जंतू असतात. सोललेल्या कातडीवर ती अजिबात लावू नका. कातडी अखंड असेल आणि तेल लावायचंच असेल, तर आधी विचारा. शेकाच्या आधी मात्र लावू नका.

माझ्या बहिणीला छातीच्या कॅन्सरला आधी केमो देऊन संपवली, मग शेक दिले. एकत्र का नाही दिले?

छातीच्या कॅन्सरमध्ये जी औषधं वापरतात, त्यातलं लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन शेकासोबत दिलं तर कातडी आणि हृदय दोघांना जास्त इजा होऊ शकते. म्हणून तिथे एकापाठोपाठ देतात. प्रत्येक कॅन्सरचा हिशेब वेगळा असतो. आपल्या उपचाराची शेजारणीच्या उपचाराशी तुलना करू नका.

शेक संपून चार महिने झाले, नवीन केमो सुरू केली आणि त्याच जागेची कातडी पुन्हा लाल-काळी झाली. असं कसं?

असं क्वचित होतं. शेक दिलेली जागा काही औषधांना जणू आठवण ठेवून असते. १९५९ साली डॉक्टरांनी हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. डॉक्सोरुबिसिन, डोसेटॅक्सेल, जेमसिटाबिन अशा औषधांनंतर असं होऊ शकतं. हा कॅन्सर परत आलेला नसतो. पण पुढची केमो घेण्याआधी डॉक्टरला जागा दाखवा.

माझ्या आईला गुदाशयाच्या कॅन्सरला शेक आणि केमोच्या गोळ्या चालू आहेत. तिच्या तळहातांची, तळपायांची सालं निघतात. शेक तर पोटाला आहेत!

हा शेकाचा त्रास नाही, गोळीचा आहे. त्या गोळीचं नाव बहुतेक कॅपेसिटाबिन असेल. त्यानं तळहात-तळपाय लाल, दुखरे होतात, सोलतात. अनवाणी शेतात जाऊ नये, गरम भांडी उचलू नयेत, कपडे आपटून धुऊ नयेत. मलम लावून सुती मोजे घालावेत. चालताना दुखत असेल तर त्याच दिवशी कळवा. गोळी कमी करायची की थांबवायची ते डॉक्टर सांगतील.

नंतर कातडी पूर्वीसारखी होते का?

बहुतेकींची छान भरून येते. काळेपणा जायला काही महिने लागतात, थोडा कायम राहू शकतो. ती जागा पुढेही उन्हाला नाजूक असते, झाकून ठेवा. गर्भपिशवीच्या शेकानंतर आतली वाट आकसू शकते. त्यासाठी डॉक्टर एक गुळगुळीत नळी देतात, ती कशी वापरायची हे सिस्टर सांगते. ती फक्त नवऱ्याच्या संगतीसाठी नाही, पुढच्या तपासण्या नीट व्हाव्यात यासाठीही आहे. तेव्हा म्हाताऱ्या बायांनीही विचारून घ्यावं.

तर बायांनो, उद्या पाणवठ्यावर, दळणाच्या गिरणीत कुणी म्हणालं, “तिला शेकानं जाळलं, आता जाऊ नको म्हणावं,” तर तिथेच सांगा: जाळलं नाही, कातडी सोलली आहे, ती भरून येते. जा, आणि आज सिस्टरला पडदा ओढायला सांग.